शहराच्या धुराचा हिशेब

मुक्ताईनगरहून भुसावळकडे एसटीने निघालो, की वरणगाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसू लागतात. शाळेची सहल या रस्त्याने जात असली, तर एखादे मूल विचारतेच, "सर, हा धूर कुणाचा?" आपण उत्तर देतो, "वीजकेंद्राचा." उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. वीजकेंद्र स्वतःच्या हौसेसाठी कोळसा जाळत नाही. तिथे तयार झालेली वीज तारांच्या जाळ्यात जाते आणि मुक्ताईनगरचा दवाखाना, जळगावची डाळमिल, मुंबईतल्या मुलुंडचे एखादे घर अशा कुठल्याही ठिकाणी वापरली जाते. मग धूर कुणाच्या नावावर मांडायचा?

(धुराड्यातून डोळ्यांना दिसते ती बहुतांशी राख आणि वाफ. कार्बन डायऑक्साइड रंगहीन असल्यामुळे दिसत नाही. या लेखात सोयीसाठी आम्ही त्यालाही 'धूर' म्हटले आहे.)

प्रश्न लहान मुलाचा असला, तरी जगातली मोठमोठी शहरे आज याच प्रश्नाशी झगडत आहेत. 'आमच्या शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन आम्ही इतके टक्के कमी करू' असे एखादी महानगरपालिका जाहीर करते, तेव्हा 'आमच्या शहराचे' म्हणजे नेमके कुणाचे, हे आधी ठरवावे लागते. ते कसे ठरवले यावर पुढचे सगळे आकडे अवलंबून असतात. या लेखात आपण दोन प्रयत्न तपासून पाहणार आहोत. पहिला, मुंबई महानगरपालिकेचा 'मुंबई वातावरण कृती आराखडा'. दुसरा, राज्य शासनाचे 'माझी वसुंधरा अभियान', ज्यात मुक्ताईनगरसारख्या नगरपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत सगळ्या स्थानिक संस्थांना गुण दिले जातात.

मुंबईचा आराखडा खान्देशात बसून कशाला वाचायचा, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे, की राज्यात मोठ्या शहराने केलेला हा पहिल्या काही सविस्तर आराखड्यांपैकी एक आहे. बाकीची गावे उद्या त्याचीच नक्कल करतील. नक्कल करण्याआधी मूळ पाठात काय बरोबर आहे आणि काय राहून गेले आहे, हे समजून घेतलेले बरे.

आराखड्यात काय आहे

शहरांनी आपापला हिशेब मांडायची कल्पना नवी नाही. कॅनडातल्या टोरांटो शहराच्या परिषदेने १९९० सालीच असे उद्दिष्ट स्वीकारले होते. त्यानंतर शहरांच्या संघटना निघाल्या आणि २०१४ साली शहराचे उत्सर्जन कसे मोजावे याची एक समान पद्धत जगापुढे ठेवली गेली. मुंबईचा आराखडा याच पद्धतीवर उभा आहे. सी-४० या महानगरांच्या जागतिक संघटनेत मुंबई सामील झाल्यावर तो तयार करण्यात आला आणि १३ मार्च २०२२ रोजी प्रसिद्ध झाला.

त्यातले मुख्य आकडे असे. २०१९ साली मुंबईचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. मिथेनसारख्या इतर वायूंचे रूपांतर त्यांच्या उष्णता अडवण्याच्या क्षमतेनुसार कार्बन डायऑक्साइडमध्ये करून ही बेरीज केलेली आहे. माणशी ती वर्षाला सुमारे १.८ टन येते. यातला ७० टक्क्यांहून अधिक वाटा घरे, दुकाने, कचेऱ्या आणि कारखाने यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा आहे. सुमारे पाचवा हिस्सा वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. उद्दिष्ट असे, की २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के घट करायची आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर यायचे. निव्वळ शून्य म्हणजे जितके वायू बाहेर पडतील तितके झाडे, माती किंवा अन्य मार्गांनी शोषले जाणे.

या आराखड्याच्या बाजूने प्रथम सांगितले पाहिजे, ते सांगू. शहराच्या कारभारात 'पर्यावरण' हा शब्द आला, की आपल्याकडे बहुधा वृक्षारोपणाचे छायाचित्र येते. इथे तसे झालेले नाही. आधी मोजमाप, मग उद्दिष्ट, मग उपाय हा क्रम पाळला आहे. वीज हा सगळ्यात मोठा वाटा आहे हे आराखड्याने स्वच्छ सांगितले. महापुराचा धोका, उष्णता, हवेची गुणवत्ता यांचाही विचार त्यात आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला हा क्रम आवडायलाच हवा.

आता त्या उद्दिष्टांकडे जरा गणिताच्या डोळ्याने पाहू. २०१९ ते २०३० या अकरा वर्षांत ३० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे २.७ टक्के. २०३० ते २०४० या दहा वर्षांत ३० वरून ४४ म्हणजे वर्षाला अवघे १.४. आणि २०४० ते २०५० या शेवटच्या दहा वर्षांत उरलेले ५६ टक्के, म्हणजे वर्षाला ५.६! सुरुवातीला चालायचे, मध्ये थांबत थांबत जायचे आणि शेवटी चौपट वेगाने धावायचे, असा हा आलेख आहे. नववीच्या मुलांना तो आलेख-कागदावर काढायला लावा. रेषा कुठे वाकते ते त्यांना लगेच दिसेल. मधल्या काळात लोकसंख्या आणि विजेची गरज वाढणार, पुढे तंत्रज्ञान स्वस्त होणार, ही त्यामागची कारणे असू शकतात. तरीही सगळ्यात अवघड काम, आज निर्णय घेणारे कुणीही खुर्चीवर नसतील अशा दशकावर ढकललेले आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

एक टन म्हणजे किती?

आकडे टनांत आले, की मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. म्हणून दीपनगरकडे परत जाऊ. तिथे ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांपैकी एक संच पूर्ण भाराने एक तास चालला, तर ५ लाख युनिट वीज तयार होते. आपल्याकडच्या कोळशात राख फार असते. कार्बनचे प्रमाण ढोबळमानाने ४० टक्के धरू. एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे कार्बन जळला २८० ग्रॅम. १२ ग्रॅम कार्बन जळताना ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे आपण आठवी-नववीत शिकवतोच. २८० ला ४४ ने गुणून १२ ने भागले, तर उत्तर येते सुमारे १,०२७ ग्रॅम. थोडक्यात, कोळशाच्या एका युनिटमागे एक किलो.

म्हणजे एका संचातून तासाला सुमारे ५०० टन. माणशी १.८ टन हा मुंबईचा आकडा घेतला, तर पावणेतीनशेहून अधिक मुंबईकरांचा वर्षभराचा वाटा एका तासात धुराड्यातून निघून जातो. घरातल्या विजेसाठी मात्र आपण एक किलो धरत नाही. देशाच्या तारांच्या जाळ्यात जलविद्युत, पवनऊर्जा, सौरऊर्जा आणि अणुऊर्जाही मिसळलेली असते. त्यामुळे सरासरी युनिटला सुमारे ०.७ किलो येते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या मुक्ताईनगरच्या एका घराचा हिशेब वर्षाला १,२०० युनिट, म्हणजे ८४० किलो इतका झाला.

कुंपण कुठे घालायचे?

आता मूळ प्रश्न. समान पद्धतीत शहराच्या उत्सर्जनाचे तीन भाग केले जातात. ते समजून घ्यायला शाळेचेच उदाहरण घेऊ. शाळेच्या आवारात पोषण आहार शिजवताना जो गॅस किंवा जे लाकूड जळते, तो पहिला भाग. शाळेतले दिवे आणि पंखे चालवण्यासाठी दीपनगरला किंवा अन्य ठिकाणी जे जळते, तो दुसरा भाग. आणि शाळेची नवी खोली बांधताना लागलेले सिमेंट, लोखंड, पुस्तकांचा कागद हे जिथे तयार झाले तिथे जो धूर झाला, तो तिसरा भाग.

मुंबईने पहिला आणि दुसरा भाग मोजला. वीज कुठेही तयार होवो, मुंबईत वापरली गेली तर ती मुंबईच्या नावावर. हे न्याय्य झाले. तसे केले नसते, तर डहाणूच्या औष्णिक केंद्राचा सगळा धूर पालघर जिल्ह्याच्या आणि दीपनगरचा सगळा धूर भुसावळ तालुक्याच्या माथी बसला असता. ज्यांच्या अंगणात राख पडते, त्यांच्याच नावावर दोषही, असा प्रकार झाला असता. त्या बाबतीत आराखड्याची बाजू सरळ आहे.

तिसऱ्या भागात मात्र कुंपण गळते. बाहेरून शहरात येणाऱ्या सिमेंटचा, पोलादाचा, धान्याचा, कपड्यांचा धूर शहराच्या या हिशेबात येत नाही. ही केवळ मुंबईची चूक नव्हे. पद्धतच तशी आहे, कारण हे मोजणे फार कठीण असते. पण परिणाम लक्षात घ्यायला हवा. मुंबईत याच काळात सागरी किनारा मार्ग बांधला गेला आणि २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यात लागलेले सिमेंट आणि पोलाद कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात भट्टीतून निघाले. सिमेंट तयार होताना चुनखडी भाजली जाते. तेव्हा इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो त्या जिल्ह्याच्या खात्यावर जातो आणि रस्ता मुंबईच्या. चणे खावे एकाने आणि टरफले सापडावीत दुसऱ्याच्या दारात, असे हे झाले.

हातात काय, हाताबाहेर काय?

आराखड्याविषयी आमचा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. उत्सर्जनाचा ७० टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेचा असला, तरी वीज कोळशातून करायची की सूर्यापासून, हे महानगरपालिका ठरवत नाही. वीजकंपन्या, राज्याचा नियामक आयोग आणि केंद्र सरकार ते ठरवतात. लोकलगाड्या रेल्वेच्या. मेट्रो अन्य संस्थांची. मग महानगरपालिकेच्या स्वतःच्या हातात काय उरते? इमारतींना परवानगी देताना घालायच्या अटी, कचरा, रस्ते आणि पदपथ, पाणी उपसणे, आणि बेस्ट.

बेस्ट हा मुंबई महानगरपालिकेचाच उपक्रम. तो शहर भागात वीज वाटतो आणि शहर-उपनगरांत बस चालवतो. म्हणजे आराखड्याची परीक्षा घ्यायची, तर ती इथे घेतली पाहिजे. एका बसमध्ये पन्नास माणसे बसली, तर तेवढ्या मोटारगाड्या आणि स्कूटर रस्त्यावर येत नाहीत. विजेवर चालणाऱ्या बस आणण्याचा आराखड्यातला मार्ग बरोबर आहे आणि तशा बस मुंबईत आल्याही आहेत. पण बसची एकूण संख्या पूर्वीपेक्षा घटत गेली. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. बस थांब्यावर उशिरा येते आणि महाग आहे, असा अनुभव आला, की माणूस हप्त्याने दुचाकी घेतो. मग ती बस विजेवर चालते की डिझेलवर, हा प्रश्न त्याच्यापुरता संपतो. एका हाताने खाजगी मोटारींसाठी प्रशस्त मार्ग आणि दुसऱ्या हाताने बसचे भाडे दुप्पट, हे ज्या शहरात एकाच वेळी चालते, त्या शहराच्या आराखड्यातले वाहतुकीचे प्रकरण कितीही चांगल्या भाषेत लिहिलेले असो, ते अपुरे ठरते.

कचऱ्याचेही असेच. देवनारचे कचरापटांगण १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला होता. ओला कचरा ढिगात दाबला गेला, की हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. हे महानगरपालिकेच्या पूर्णपणे हातातले काम आहे.

आणखी एक गोष्ट, जी विज्ञानाची नसली तरी नागरिकशास्त्राची आहे. मुंबई महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात संपली. आराखडा प्रसिद्ध झाला त्यानंतर आठवड्याभरात. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे 'आमच्या प्रभागात या वर्षी किती टन कमी झाले?' असे भर सभेत विचारणारा नगरसेवकच नव्हता. २०२४ साली महानगरपालिकेने आपल्या अंदाजपत्रकातला हवामानाशी संबंधित खर्च वेगळा दाखवणारा अहवाल काढला. ऑस्लोसारख्या शहराने आधी चालवलेली ही वाट चांगली आहे. पण खर्चाचा आकडा म्हणजे कामाचा आकडा नव्हे. किती कोटी खर्च झाले यावरून किती टन कमी झाले, हे आपोआप कळत नाही.

कोपनहेगनचा धडा

मोठी श्रीमंत शहरे तरी यात पूर्ण यशस्वी झाली का? डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिने २०१२ साली ठरवले, की २०२५ पर्यंत आपण जगातली पहिली कार्बन-संतुलित राजधानी होऊ. सायकलचे रस्ते, पवनचक्क्या, एकाच केंद्रातून घराघरांत जाणारी गरम पाण्याची नळव्यवस्था, अशी पुष्कळ कामे तिथे मनापासून झाली आणि उत्सर्जन खूप खाली आले. परंतु २०२२ साली शहराने मान्य केले, की २०२५ चे उद्दिष्ट गाठता येणार नाही. कारण शेवटचा मोठा वाटा एका कचरा जाळणाऱ्या प्रकल्पातून निघणारा वायू पकडून जमिनीखाली साठवण्यावर सोडलेला होता आणि त्यासाठी लागणारा सरकारी निधी मिळाला नाही. शिवाय कोळशाऐवजी लाकूड जाळून तिथे जी ऊब मिळवली जाते, त्या लाकडाचा धूर हिशेबात शून्य धरला जातो. झाडे पुन्हा वाढतील, असे त्यामागचे गृहीतक.

यात आम्हाला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. शेवटच्या टप्प्यात दुसऱ्याच्या हातातल्या, अजून न झालेल्या उपायावर भिस्त ठेवली, तर ऐन वेळी हात रिकामे राहतात. मुंबईच्या २०४० ते २०५० या दशकाविषयीची आमची शंका याच जातीची आहे. दुसरी गोष्ट कोपनहेगनच्या श्रेयाची. उद्दिष्ट चुकले, तेव्हा त्यांनी ते लोकांना सांगितले. मोजमाप ठेवले होते, म्हणूनच सांगता आले.

गुण आणि टन

आता मुक्ताईनगरकडे येऊ. एके काळचे एदलाबाद, तापी-पूर्णेच्या संगमाजवळचे हे गाव. आषाढीला मुक्ताबाईची पालखी इथून पंढरपूरला निघते. चहूबाजूंनी केळीच्या बागा, मधून राष्ट्रीय महामार्ग. इथे नगरपंचायत आहे, पण मुंबईसारखा तज्ज्ञांचा ताफा नाही. अशा गावांसाठी राज्याच्या पर्यावरण विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा अभियान' सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांवर बेतलेली कामे करायची, त्यांचे पुरावे द्यायचे आणि गुण मिळवायचे. जास्त गुण मिळवणाऱ्या संस्थांचा गौरव होतो.

या अभियानाचे श्रेय कमी नाही. हवामानबदल हा विषय दिल्ली-मुंबईच्या सभागृहांतून उचलून त्याने नगरपंचायतीच्या आणि ग्रामपंचायतीच्या टेबलावर आणला. पंचमहाभूतांची मांडणीही आपल्या माणसांना चटकन समजणारी आहे. शाळांतून प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, भिंती रंगल्या, रोपे लागली.

अडचण अशी, की गुण आणि टन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत वहीला दिलेले गुण आणि मुलाला विषय समजला का, यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. आपण शिक्षक मंडळी हा फरक रोज पाहतो. सुबक समास आखलेली, रंगीत मथळ्यांची वही असते. पण फळ्यापाशी बोलावले, तर गणित सुटत नाही. अभियानात झाड लावण्याला गुण आहेत, जनजागृतीला आहेत, दिवे बदलण्यालाही आहेत. पण यांपैकी कशाने किती धूर कमी होतो याचे प्रमाण आणि गुणांचे प्रमाण जुळतेच असे नाही.

उदाहरणादाखल तीन कामांचा हिशेब करून पाहू. खालचे आकडे मुक्ताईनगरचे नव्हेत. कुठल्याही लहान गावाला लागू पडतील असे ते धरलेले आहेत.

पहिले काम दिव्यांचे. गावात रस्त्यावरचे १,००० जुने सोडियम दिवे बदलून एलईडी लावले आणि प्रत्येक दिव्यामागे १०० वॉट वाचले. रात्री ११ तास दिवा चालतो. एका दिव्यामागे रोज १.१ युनिट, वर्षाला सुमारे ४०० युनिट. हजार दिव्यांचे ४ लाख युनिट. ०.७ ने गुणले, तर वर्षाला २८० टन.

दुसरे काम पाण्याचे. नदीवरून टाकीपर्यंत रोज १० लाख लिटर पाणी ५० मीटर उंच चढवायचे आहे. हजार लिटरला ४ लाख ९० हजार ज्यूल, म्हणजे सुमारे ०.१४ युनिट लागते. पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर ०.२७ युनिट. रोजचे २७० युनिट, वर्षाचे जवळजवळ १ लाख युनिट, म्हणजे सुमारे ७० टन. यातले ३० टक्के पाणी फुटक्या नळांतून वाया जात असेल, तर नळ दुरुस्त केल्याने वर्षाला सुमारे २० टन वाचतात. पाणी वाचते ते वेगळेच.

तिसरे काम कचऱ्याचे. रोज एक टन ओला कचरा गावाबाहेरच्या उथळ ढिगात टाकला जातो. तो कुजून टनाला सुमारे २० किलो मिथेन निघतो. ढीग खोल असेल तर त्याच्या दुप्पट. शंभर वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. म्हणजे एका टन कचऱ्यामागे ५६० किलो आणि वर्षाला सुमारे २०० टन. हाच कचरा हवा खेळती ठेवून खत केला, तर यातला बहुतेक भाग टळतो.

आणि आता झाडे. वाढते झाड वर्षाला ढोबळमानाने १० ते २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषते. दिव्यांच्या कामाने जे २८० टन वाचले, तेवढे शोषायला १४ ते २८ हजार झाडे हवीत. तीही लावलेली नव्हे, जगलेली. मे महिन्यात ४४-४५ अंशांच्या उन्हात खान्देशात रोप जगवणे किती कठीण, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. झाडे लावू नयेत असे आम्ही म्हणत नाही. सावली, पक्षी, माती यांसाठी ती लावलीच पाहिजेत. पण धुराचा हिशेब झाडांनी फेडता येईल, अशी समजूत मुलांच्या मनात रुजवणे हे चुकीचे विज्ञान शिकवणे आहे.

आमची सूचना साधी आहे. अभियानाने गुण द्यावेत, पण सोबत प्रत्येक नगरपंचायतीला तीनच आकडे दरवर्षी जाहीर करायला सांगावे: विजेची किती युनिट वापरली, डिझेल-पेट्रोल किती लिटर जाळले आणि ओला कचरा किती टन ढिगावर गेला. पहिले दोन आकडे तर बिलांच्या फायलीत आधीपासून असतात. त्यासाठी सल्लागार नेमावा लागत नाही. मागच्या वर्षीपेक्षा ते घटले की वाढले, एवढे पाहिले तरी पुरे. मुंबईच्या आराखड्यातून नगरपंचायतीने उचलावे ते हेच, की आधी मोजावे आणि मग बोलावे. सोडून द्यावे ते २०५० चे आश्वासन. गावाने पाच वर्षांपलीकडचे वचन देऊच नये, म्हणजे वचन देणाऱ्यालाच जाब विचारता येईल.

वर्गात करून पाहा

हा विषय शाळेत घेणे सोपे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरचे वर्षभराचे वीजबिल आणावे. युनिटांची बेरीज करून ०.७ ने गुणावे. सिलिंडर किती लागले ते विचारावे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. वर्गाची सरासरी काढावी आणि मुंबईच्या माणशी १.८ टनांशी ताडून पाहावी. तुलना करताना एक पथ्य पाळायचे. मुंबईच्या आकड्यात दुकाने, कारखाने, वाहने आणि कचराही आहे. आपल्या आकड्यात फक्त घर. दोन कुंपणे वेगळी असतील, तर आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही. हे मुलांना इथेच कळले, तर वर्तमानपत्रातल्या अनेक मथळ्यांना ती फसणार नाहीत.

या मुलांनी मग नगरपंचायतीत जाऊन रस्त्यावरच्या दिव्यांचे आणि पाणीपुरवठ्याचे वार्षिक युनिट विचारावेत. तो सार्वजनिक पैशाचा हिशेब आहे. तो विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे. कदाचित पहिल्या खेपेला उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी पुढच्या वर्गाने पुन्हा विचारावे.

सहलीच्या बसमधल्या त्या प्रश्नाला आता आपल्याला उत्तर देता येईल. धूर दीपनगरचा नाही, केवळ मुंबईचाही नाही. ज्याने जितकी वीज वापरली, त्याचा तितका. त्यात आपल्या शाळेच्या पंख्याचाही वाटा आहे. तो लहान आहे, आणि लहान आहे हेही मोजूनच सांगितले पाहिजे. कारण ज्यांचा वाटा लहान, त्यांनाच उन्हाची झळ जास्त लागते. केळीची बाग होरपळते तेव्हा धुरावर कुणाचे नाव होते हे ऊन पाहत नाही. अशा वेळी 'आमचा वाटा इतका, तुमचा किती?' असे विचारण्यासाठी खान्देशातल्या मुलांच्या हातात स्वतःचा खरा आकडा असावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.